ऑपरेशनच्या टेबलावर गरम हवा की गरम कापड?

भूलवाला: भूल दिली की त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, आतली ऊब हातापायांकडे पळते आणि पहिल्या तासातच शरीराचं आतलं तापमान एक-दीड अंशाने उतरतं. १९९६ साली आतड्याच्या ऑपरेशनच्या २०० पेशंटवर झालेल्या अभ्यासात, गार पडलेल्यांपैकी १९ टक्क्यांच्या जखमेत पू झाला. उबदार ठेवलेल्यांत ६ टक्के. उपाय म्हणून बहुतेक ठिकाणी गरम हवा फुंकणारं यंत्र आणि एकदा वापरून फेकायचं ब्लँकेट. त्यापेक्षा कार्बन मिसळलेलं, वीज वाहणारं कापड बरं. कमी व्होल्टेजवर तापतं, पंख्याची घरघर नाही, पुसून पुन्हा वापरता येतं. सरकारी रुग्णालयांनी हेच घ्यावं.

ओटीसिस्टर: पुसायचं कोणी, सर? दोन केसच्या मध्ये मिळतात दहा मिनिटं, मावशी एक. बीटाडीन कडेच्या शिवणीत मुरतं. शिवाय असल्या कापडाला घडी पडली की दोन थर एकमेकांना तापवतात. भूल दिलेला माणूस ‘भाजतंय’ म्हणून ओरडणार आहे का?

भूलवाला: आणि फेकायचं ब्लँकेट आपल्याकडे फेकतात तरी कुठे? चिकटपट्टी लावून फाटेस्तोवर चालवतात. ते तर धड पुसताही येत नाही.

ओटीसिस्टर: म्हणजे एका गैरवापरावर दुसऱ्याचा उतारा!

चौकस: हवेच्या यंत्राने जंतू उडून जखमेत जातात, असा डांगोरा कोणी पिटला ते बघा. मिनेसोटाचे भूलतज्ज्ञ स्कॉट ऑगस्टीन. गरम हवेचं ‘बेअर हगर’ मुळात त्यांचंच. ती कंपनी सोडून त्यांनी वाहक कापडाचं ‘हॉटडॉग’ काढलं, आणि जुन्या यंत्रात दोष दिसायला लागले! अमेरिकेत हजारो खटले उभे राहिले. शेवटी २०१७ मध्ये तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डॉक्टरांना कळवलं, की संसर्गाशी सातत्याने दिसणारा संबंध सापडला नाही, गरज असेल तिथे यंत्र वापरत राहा.

भूलवाला: जंतूंचं मी काढलंच नव्हतं, खर्चाचं बोलतोय. विकणाऱ्याचा स्वार्थ आहे म्हणून कापड तापायचं थांबत नाही.

तालुकाकर: १९९६ वर किती दिवस काढणार? २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला, चीन आणि अमेरिकेतले ५,०००हून जास्त पेशंट. ३५.५ अंशांवर ठेवलेले आणि ३७ वर ठेवलेले, हृदयाच्या त्रासात किंवा जखमेच्या संसर्गात म्हणावा असा फरक नाही. आमच्या ओटीत गाऊन घातलेल्या सर्जनला घाम फुटतो म्हणून एसी १८ वर असतो, आणि पेशंट पातळ चादरीत. आधी तो एसी वर करा, सलाईन कोमट द्या, आत नेण्याआधी अर्धा तास पेशंटला उबेत ठेवा. खरेदीचं मग बघू.

भूलवाला: त्या अभ्यासात पेशंट साडेपस्तीसच्या खाली उतरला की लगेच गरम हवा सुरू व्हायची. तुमच्या १८ अंशांत कोणी ३४ वर गेला तर कळतं कसं? टेम्परेचर प्रोब, आतलं तापमान मोजणारी वायर, लावता का?

तालुकाकर: मॉनिटरसोबत आलाय. मोठ्या केसला लावतो.

ओटीसिस्टर: सिझरला नाही ना? आणि टेबलावर कुडकुडणाऱ्या बाया तिथेच सगळ्यात जास्त. कापड घ्यायचंच असेल तर प्रत्येक ब्लँकेटला स्वतःचा सेन्सर हवा, आणि मावशी दोन.