टिकेट सगळीकडे फिरतं, प्रॉब्लेम मात्र जागेवरच! तुमच्याकडे पण असंच का?

भिजत_घोंगडं:
मंडळी, जरा वैतागून लिहितोय. आमच्या आयटीत आधी एकच टीम होती, आता ॲप, डेटाबेस, नेटवर्क अशी वेगळी डिपार्टमेंट्स झालीत आणि प्रत्येकाला वेगळा मॅनेजर. मध्यंतरी एक रिपोर्ट उघडायला मिनिटभर लागायला लागला, तर ॲपवाल्यांनी टिकेट (म्हणजे नोंदवलेली तक्रार) डेटाबेसकडे ढकललं, ते म्हणे क्वेरी (डेटाबेसकडे माहिती मागणं) तर चुटकीसरशी चालतेय, नेटवर्ककडे टाका, नेटवर्कवाले म्हणे आमच्या साइडने ओके, की परत ॲपकडे. शेवटी सगळ्यांना एका कॉलवर बसवलं तेव्हा तिथल्या तिथे सापडलं. रिपोर्ट एका क्वेरीऐवजी ५ हजार बारक्या क्वेरी मारत होता आणि ॲप सर्व्हर दुसऱ्या डेटा सेंटरला हलवल्यापासून प्रत्येक खेपेला १० मिलिसेकंद जात होते. करा गुणाकार, ५० सेकंद! म्हणजे गंमत बघा, आपापल्या जागी तिघंही बरोबर होते. मग हे टाळायचं कसं? परत सगळ्यांची एकच टीम करायची का?

रात्रपाळी:
तिघंही बरोबर, हेच तर दुखणं आहे भाऊ. प्रत्येकजण आपला डॅशबोर्ड हिरवा आहे का तेवढंच बघतो आणि दोन टीमच्या मधली जागा कोणाच्याच डॅशबोर्डवर नसते. त्यात एसएलएचं, म्हणजे टिकेट किती वेळात सोडवायचं त्या ठरलेल्या मुदतीचं, घड्याळ. आमच्याकडे टिकेट दुसऱ्या टीमला असाइन केलं की आपलं घड्याळ थांबतं, मग दिवस संपता संपता कशी भराभर टिकेटं सरकतात बघा 😄 महिनाअखेर सगळ्यांचा एसएलए पास, युजर तसाच ताटकळलेला. प्रत्यक्ष काम तासाभराचं असतं, बाकी सगळा वेळ टिकेट कुणाच्या तरी रांगेत पडून असतं.

जुना_इंजिनिअर:
हे फक्त आयटीचं नाही. जनरल मोटर्स या अमेरिकन कार कंपनीचं इग्निशन स्विचचं (किल्ली फिरवून गाडी चालू-बंद करायचा स्विच) प्रकरण वाचा. स्विच ढिला असल्यामुळे गाडी चालता चालता बंद पडायची आणि एअरबॅगही उघडायची नाही. पण गाडी बंद पडणं हा तिथे बरीच वर्षं ग्राहकाच्या सोयीचा मुद्दा धरला गेला, सेफ्टीचा नाही. २००६ मध्ये स्विचचं डिझाइन बदललं पण पार्ट नंबर तोच ठेवला, त्यामुळे अपघातांचा तपास करणाऱ्यांना बदल झालाय हे कित्येक वर्षं कळलंच नाही. रिकॉल, म्हणजे गाड्या दुरुस्तीला परत मागवणं, उजाडला २०१४ मध्ये, आणि त्याच वर्षीच्या चौकशी अहवालात ‘जीएम सॅल्यूट’ आहे, म्हणजे हाताची घडी घालून दोन्ही बोटं बाजूच्यांकडे. आपल्या ऑफिसात कोण कोण आठवलं सांगा.

हिशेबी:
एकच टीम करा म्हणणाऱ्यांना माझा विरोध. मी अकाउंट्समध्ये आहे, बिल टाकणारा आणि पेमेंट पास करणारा वेगळाच हवा, नाहीतर घोटाळे होतात. तसंच डेटाबेसचा ॲक्सेस सगळ्यांना देणं मला तरी पटत नाही. डिपार्टमेंट राहू देत, फक्त टिकेटचा मालक बदलू नका. ज्याच्याकडे पहिल्यांदा आलं तो युजरने ‘झालं’ म्हणेपर्यंत मालक, बाकीच्यांना त्यातलं उपकाम द्यायचं. आणि ‘आमच्या साइडने ओके’ नुसतं चालणार नाही, काय तपासलं आणि कितीच्या सुमारास ते लिहायचं.

भिजत_घोंगडं:
@हिशेबी हे पटलं. पण पहिला मालक बहुतेक वेळा हेल्पडेस्कचा ज्युनियर पोरगा असतो, त्याने डेटाबेसच्या सीनियरला कॉलवर बोलावलं तर येतंय कोण?

रात्रपाळी:
तो अधिकार लेखी द्यावा लागतो. आमच्याकडे टिकेट दुसऱ्यांदा परत आलं की ज्याच्याकडे ते आहे त्याने थेट कॉल लावायचा आणि सगळ्या टीमने माणूस पाठवायचा, मॅनेजरला विचारत बसायचं नाही. सुरुवातीला कुरकुर झाली, पण एकदा मोठ्या साहेबांनी न आलेल्या टीमचं नाव मीटिंगमध्ये घेतलं, तेव्हापासून येतात गुपचूप.