रशियन आज्ञार्थ : 'होकारात पूर्ण, नकारात अपूर्ण' हा नियम आधी शिकवावा का?

अक्षरयात्री : रशियन क्रियापदं बहुतेक जोडीनं येतात, एक पूर्ण (काम उरकणं) आणि एक अपूर्ण (काम चालू असणं किंवा पुन्हा पुन्हा होणं). वर्गात शिकवतात, करायला सांगताना पूर्ण घ्या, नको म्हणताना अपूर्ण. खिडकी लावा : 'झक्रोइत्ये अक्नो'. लावू नका : 'न्ये झक्रिवाइत्ये'. माझ्या मते हा नियम सुरुवातीला देऊच नये. तो पाठ करून मी घरी आलेल्या रशियन आजींना 'स्याद्त्ये' (बसा, पूर्ण) म्हणाले. रूप बरोबर, पण त्यांच्या कानाला तो हुकूम! पाहुण्याला म्हणायचं 'सदीत्येस', म्हणजे अपूर्ण. या, कोट काढा, घ्या ना, खा... यजमानाचा आग्रह बहुधा अपूर्णातच असतो.

व्याकरणवेडा : असहमत. दुकानात, रस्त्यात आपण एकदाच करायचं काम सांगतो : 'स्कझीत्ये, पझालस्ता' (सांगा), 'पकझीत्ये' (दाखवा). सगळी पूर्ण, आणि त्यात उद्धटपणा अजिबात नाही. अपूर्ण म्हणजे अदब असं मुलांच्या मनात बसलं तर ती दुकानदाराला 'पकाझिवाइत्ये' म्हणतील. त्याचा सूर 'हं, दाखवा आता' असा लागतो.

समोवार : रशियात वैद्यकीय शिकतोय. डॉक्टर म्हणतात 'अत्क्रोइत्ये रोत', तोंड उघडा : पूर्ण. लगेच 'दिशीत्ये', श्वास घेत राहा : अपूर्ण. दोन्ही होकारच! काम उरकायचंय की चालू ठेवायचंय, एवढंच मी बघतो.

अक्षरयात्री : नकाराचा अर्धा नियमही डळमळीतच. 'न्ये झबूद' (विसरू नकोस), 'न्ये उपदी' (पडशील हं!) ही पूर्ण रूपं आहेत. नकळत हातून घडेल त्याचा तो इशारा. आपलं 'सांगू नकोस' आणि 'सांगून टाकू नकोस' घ्या. दुसऱ्यात तोंडातून निसटण्याची भीती आहे. मराठी कानाला हे आधीच कळतं, त्याच्यावर भरवसा ठेवा की.

व्याकरणवेडा : 'सांगून टाकू नकोस' पटलं. पण त्याच कानानं 'जेवून घ्या' ऐका. क्रिया पुरी करायला सांगतोय, तरी आपुलकी आहे. रशियन यजमान तिथे बहुधा अपूर्ण 'येश्त्ये' (खा) म्हणेल. मराठी कान तिथे फसतो, म्हणून पहिल्या दिवशी मी नियमच देईन. 'सदीत्येस' दुसऱ्या दिवशी, हे मात्र तुमच्या आजींमुळे मान्य.