मदत हवी आहे : वडिलांना दुधासारखी लघवी, सोमवारपर्यंत डॉक्टरांना सांगायचंय

घाटमाथा_९१
नमस्कार मंडळी, लांबण लावत नाही. वडिलांना चार महिने झाले दुधासारखी पांढरी लघवी होते. जळजळ नाही, ताप नाही. मध्ये आपोआप थांबली होती, दिवाळीच्या फराळानंतर परत सुरू. वजन नऊ किलो उतरलंय. मिरजेत दाखवलं. डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीतून किडनीत औषध सोडू, नाहीतर ऑपरेशन करू. वडील औषधाला अजिबात तयार नाहीत, ऑपरेशन करा म्हणतात. एरवी सुई बघून तोंड फिरवणारा माणूस. सोमवारी सांगायचंय. कुणी केलंय का? फालतू सल्ले नकोत.

कृष्णाकाठ
वय? शुगर? क्रिएटिनिन? सोनोग्राफीत काय आलं? आजाराचं नाव काय? यातलं काहीच नाही आणि वर फालतू सल्ले नकोत.

निवांत_अण्णा
मुतखडा आहे. पानफुटीची दोन पानं सकाळी अनशापोटी आणि कुळथाचं कढण. माझा ८ मिमीचा खडा असाच पडला. मिरजेला पैसे घालवू नका.

कृष्णाकाठ
अण्णा, त्यांनी खड्याचं नाव तरी काढलंय का?

निवांत_अण्णा
मग धातू जात असेल.

घाटमाथा_९१
६१ वय. शुगर नाही. क्रिएटिनिन १.१. सोनोग्राफी नॉर्मल. लघवीत प्रोटीन ४+. कागदावर कायल्युरिया लिहिलंय. आधी दुसऱ्या एका डॉक्टरांनी इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिकचे तीन कोर्स दिले, फरक शून्य. आणि अण्णा, धातू नाही हो. सकाळची लघवी बाटलीत ठेवली तर तासाभरात वर साय धरते आणि मधे खरवसासारखं थलथलीत होतं. परवा तोच गोळा अडकला, पाऊण तास संडासात बसून होते.

काचपट्टी
मी लॅबमध्ये आहे. ही लघवी आम्ही परीक्षानळीत घेतो, इथर घालून हलवतो. पांढरेपणा गेला तर ती चरबी, म्हणजे कायल. आतड्यातून तेलतूप घेऊन जाणारा रस लसिकावाहिन्यांतून रक्तात जायचा, तो वाट फुटून किडनीत उतरतो. म्हणून फराळानंतर वाढलं. वजनही त्यानंच उतरतं, चरबी आणि प्रोटीन दोन्ही वाहून जातं.
आता सांगा, वडील पूर्वी कुठं राहायला होते? विदर्भात? आपल्या भागात बसून हे सहसा होत नाही.

घाटमाथा_९१
विट्याजवळचेच आहोत. वडील गलाईत होते, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात, गोरखपूरला १९ वर्षं. २०१२ ला दुकान विकून आलो. त्याचा काय संबंध?

काचपट्टी
देवा. हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं!
पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहार म्हणजे हत्तीरोगाचा पट्टा. घाण पाण्यातला क्युलेक्स डास चावून जंतू, म्हणजे धाग्यासारखा बारीक जंत, शिरतो आणि लसिकावाहिन्यांत राहतो. कुणाचा पाय सुजतो, कुणाला अंडवृद्धी होते, थोड्या लोकांना हे होतं. जंत मेला तरी वाहिन्या बिघडलेल्या राहतात, म्हणून इतक्या वर्षांनीही उपटतं. खानापूर-आटपाडीची निम्मी घरं गलाईसाठी हिंदुस्थानभर पांगलेली, तेव्हा इथल्या डॉक्टरांनी तरी हा प्रश्न आधी विचारायला हवा होता.

जुनी_पानं
एक रंजक माहिती. हा जंतू ब्राझीलमध्ये वुखरर यांना १८६६ साली सापडला तो अशाच दुधाळ लघवीत. पुढे १८७७ मध्ये चीनच्या अमॉय बंदरात मॅन्सन यांनी तो डासाच्या पोटात दाखवला. जंताच्या नावात वुखररच आहेत.

कृष्णाकाठ
छान. सोमवारी डॉक्टरांना हेच सांगायचं का?

सून_आटपाडीची
एक विचारू का दादा? आमच्याकडे दोन घरांना एकच संडास आहे. हे लघवीतून दुसऱ्याला लागतं का?

काचपट्टी
नाही ताई. मध्ये डास लागतोच, आणि तोही एकदा चावून भागत नाही. रक्तात जंतू आहेत का ते बघायला रात्री दहानंतर रक्त घेतात, ते रात्रीच वर येतात. पण लघवी पांढरी व्हायला लागते तोवर बहुतेकांच्या रक्तातून ते नाहीसे झालेले असतात.

गोमतीपार
माझ्या सासऱ्यांचं लखनौला झालं. तिकडच्या आणि बनारसच्या सरकारी मोठ्या दवाखान्यांत हे पेशंट नेहमीचे. आधी औषध सोडलं, वर्षभर बरं होतं, परत सुरू. मग दुर्बिणीतून ऑपरेशन. किडनीच्या देठाशी चिकटलेल्या लसिकावाहिन्या एकेक सोडवून, क्लिपा लावून तोडतात. तेव्हापासून स्वच्छ. माझं मत, थेट ऑपरेशन करा.

रात्रपाळी_युरो
युरॉलॉजीत शिकतोय. पेशंट न बघता ठाम बोलणार नाही, पण थेट ऑपरेशन हा सल्ला चुकीचा. बऱ्याच जणांचं चरबी बंद आणि हत्तीरोगाच्या डीईसी गोळ्यांवर थांबतं, काहींचं आपोआप. मग औषध सोडणं, आणि तेही वारंवार फसलं तर ऑपरेशन. भूल, चार-पाच तास, रक्तवाहिनीला चिकटून काम. सासऱ्यांचं नीट झालं हे उत्तमच.

गोमतीपार
म्हणजे दोनदा भूल, दोनदा खर्च. शिकताय तोवर सगळं क्रमानंच दिसणार.

निवांत_अण्णा
चरबी बंद म्हणजे तूपही? आयुर्वेदात तूप...

नारळीपोफळी
खोबरेल तेलात करा सगळं. ते लसिकेत जात नाही.

काचपट्टी
अर्धवट माहिती. खोबरेलातला थोडाच भाग थेट रक्तात जातो. त्यासाठी एमसीटी तेल वेगळं मिळतं, औषधाच्या दुकानात.

रात्रपाळी_युरो
@घाटमाथा, डीईसी झालंय का? कोणत्या बाजूची किडनी? आणि वडील औषधाला नाही का म्हणतात?

घाटमाथा_९१
डीईसी झालं, बारा दिवस. बाजू माहीत नाही. का म्हणतात ते आज जेवताना खोदून विचारलं. डॉक्टर बोलता बोलता सिल्व्हर नायट्रेट म्हणाले होते. वडील म्हणाले, "एकोणीस वर्षं चांदी तेजाबात विरघळवली, ते पाणी म्हणजे सिल्व्हर नायट्रेटच की. मग तांब्याची पट्टी सोडून चांदी खाली बसवायची. त्याचा थेंब बोटावर पडला तर कातडी गळेपर्यंत डाग जात नव्हता. ते माझ्या किडनीत घालणार?" मी गप्प बसलो. काय सांगणार?

रात्रपाळी_युरो
काका बरोबर बोलतायत. रसायन तेच. फरक पातळपणाचा, ०.१ ते १ टक्का. त्यानं आतून मुद्दाम सूज आणायची, म्हणजे गळणाऱ्या वाटा बुजतात. पण कंबरेत कळ येते, लघवीत रक्त दिसू शकतं, आणि दोन्ही किडन्यांत एकदम सोडल्यानं त्या बंद पडल्याच्या नोंदी आहेत. म्हणून एका वेळी एकच बाजू. हल्ली पुष्कळ ठिकाणी पातळ पोव्हिडोन आयोडीन वापरतात, ०.२ टक्के. जखमेवरचं बेटाडिन तेच. सोमवारी एवढंच विचारा, "आयोडीन वापराल का, आणि बाजू कशी ठरवणार?"

घाटमाथा_९१
हे कामाचं. बाकीच्यांचेही आभार. अण्णा, पानफुटी कुंडीत लावतो.

निवांत_अण्णा
लावाच. जाता जाता, मिरजेत प्रोस्टेटसाठी कुणाकडे जावं?

घाटमाथा_९१ (बारा दिवसांनी)
अपडेट. डॉक्टरांनी आयोडीनला लगेच हो म्हटलं, आम्ही आधी कधी विचारलंच नव्हतं. बाजू बघायची म्हणून आदल्या रात्री मुद्दाम लोणी खायला सांगितलं. दोन महिने कोरडी भाकरी खाणाऱ्या माणसानं वाटीभर लोणी चाटून पुसून संपवलं. दुर्बिणीत डाव्या नळीतून दूध येताना पडद्यावर मला पण दाखवलं. नळी ठेवून तीन दिवस औषध सोडलं. कंबर दुखली, पण आता लघवी पाण्यासारखी. वडील रोज सकाळी बाटली उजेडात धरून बघतात, सोन्याचा कस बघावा तशी. परत होऊ शकतं म्हणालेत, झालं तर बघू. खर्चाचं व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) सांगतो.

गोमतीपार
वर्षभर थांबा. मग बोलू.

पारेकर_गलाई (दीड वर्षानं)
धागा वर काढतोय. मेहुणे पाटण्याला आहेत, गलाईच. सहा महिने पांढरी लघवी, तिकडं कावीळ म्हणून औषध चालू आहे. मिरजेचे डॉक्टर कोण ते व्यनि करा. आणि वडिलांची परत सुरू झाली का?