नाबोथचा मळा आणि आमचं खाजन

खाजनकाठी
मी ख्रिस्ती नाही, पण गोव्यातल्या तिसवाडीत आमच्या शेजारी राहणाऱ्या कॅथलिक काकांच्या बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, परवा जे ऐकलं, त्यावर तुमचं मत हवंय. आमचं खाजन, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेलं भातशेत, मागायला दलाल आला होता. सर्व्हे प्लॅन पसरून, त्यावर बोट ठेवून म्हणाला, "बाय, आज शेत आहे, उद्या सेटलमेंट, म्हणजे घरं बांधायची जमीन, होईल. ते आम्ही बघतो, भाव तुम्ही सांगा."

काकांनी त्याला बायबलातली नाबोथची गोष्ट सांगितली. अहाब राजाला राजवाड्यालगतचा नाबोथचा द्राक्षमळा भाजीच्या बागेसाठी हवा होता. बदल्यात याहून चांगला मळा किंवा रोख किंमत द्यायलाही तो तयार होता. नाबोथने वाडवडिलांचं वतन द्यायला नकार दिला. मग ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी ठार मारवलं.

माझं मन अडकलं ते भावावर. राजाने भाव पाडला नव्हता. तरी ती गोष्ट अन्यायाचीच आहे, कारण ‘नाही’ म्हणायचा हक्कच नाबोथला उरला नव्हता. लेवीय पुस्तकाच्या २५व्या अध्यायात तर जमीन कायमची विकूच नये असं आहे. दर ५०व्या वर्षी, म्हणजे योबेल वर्षी, ती मूळ घराण्याकडे परत जाते. मधल्या काळात विकायची ती फक्त पिकं, आणि योबेलला किती वर्षं उरलीत त्यावरून किंमत ठरते. आपल्याकडे २०२३मध्ये नगरनियोजन कायद्यात कलम १७(२) घातलं, कोणती जमीन कशासाठी ते ठरवणाऱ्या आराखड्यातल्या ‘अनवधानाने झालेल्या चुका’ सुधारायला. मार्च २०२५मध्ये उच्च न्यायालयाने त्याखालचे नियम रद्द केले. दरम्यान २०२४मध्ये जमिनीचा झोन बदलू देणारं कलम ३९अ आलंच होतं. भातशेताला भातशेत म्हणणं ही चूक कशी?

फोंडेकार
कळकळ पोचली, पण धर्मग्रंथाला जमिनीच्या वादात आणू नका. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी सासष्टीतली देवळं पाडली, त्यांच्या जमिनी चर्चकडे गेल्या, देव रातोरात अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्यात, आणावे लागले. आमच्या घरात ते अजून कोणी विसरलेलं नाही. आणि ज्या बायबलात नाबोथ आहे, त्यातच कनानी लोकांची भूमी घेतल्याचंही आहे. नियम हवा तर आपलं संविधान पुरेसं आहे.

कुळाचा नातू
माझा आक्षेप वेगळा. कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने १९७६मध्ये आजोबांना शेताची मालकी मिळाली. त्याला ५० वर्षं २०२६मध्ये होतात. योबेल लावला तर शेत परत भाटकाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे! मूळ घराणं म्हणजे कोण? भाटकार, गाव वसवणाऱ्या घराण्यांतले गावकार, की त्यांच्याही आधी डोंगरउतारावर कुमेरीची फिरती शेती करणारे? दुसरं म्हणजे, मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी माझ्याकडे विकण्याजोगं तेवढंच आहे. बंदी घालणाऱ्याला माझा हप्ता भरावा लागत नाही.

खाजनकाठी
@फोंडेकार, ते दुःख खरं आहे आणि मी ते बाजूला सारत नाही. देवळांच्या जमिनी ज्यांनी घेतल्या, त्यांच्याच हातात हे पुस्तक होतं आणि त्यात अहाबाला दोषी ठरवलेलं होतं. म्हणून तर ते सत्तेपुढे वाचायला हवं. कायदा संविधानाचाच असू दे.

@कुळाचा नातू, तो अध्याय पुन्हा पाहिला. तिथे जमीन परत मिळते ती कंगाल होऊन विकावी लागली त्याला. भाटकाराने गरिबीपायी विकली नव्हती, म्हणून तुमच्या आजोबांच्या बाजूने मी बिनदिक्कत उभी आहे. आणि सरसकट बंदीही तिथे नाही. तटबंदीच्या शहरातलं घर वर्षभरात सोडवलं नाही तर कायमचं घेणाऱ्याचं; तट नसलेल्या गावातलं घर मात्र शेतासारखंच धरायचं. पणजीतला फ्लॅट खुशाल विका. खाजन तसं नाही. मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं, त्यावर सगळ्यांचं कोरगुट, खारवट जमिनीतलं भात, तगून असतं. एकाने भराव टाकला की पाणी शेजाऱ्याच्या शेतात चढतं. फीचा प्रश्न खरा आहे. त्यासाठी शेत भाड्याने देऊन कर्ज मिळण्याची सोय हवी, आणि ती आज नाही, हे कबूल.

कुळाचा नातू
सोय होईपर्यंत फी थांबत नाही, बाय. पण भरावाचं बोललात ते पटलं. आमच्या वरच्या अंगाला कोणीतरी चिरे-माती ओतली, दोन पावसाळे आमच्या कोपऱ्यात पाणी तुंबून रोप कुजलं.

माहेरवाशीण
कोमुनिदादीचं, म्हणजे गावकारांच्या सामाईक जमिनीच्या संस्थेचं, कोणीच काढलं नाही, म्हणून लिहिते. ‘गावाची जमीन वाचवा’ म्हणताना माझ्या पोटात कालवतं. गोव्याच्या नागरी कायद्याने घरात मला भावाइतका वाटा आहे, पण गावकारपण चालतं ते पुरुषांच्या वंशाने. बायबलच वाचायचं तर गणना पुस्तकाचा २७वा अध्यायही वाचा. सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून म्हणाल्या, आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव का पुसावं, आम्हांला वतन द्या. आणि ते त्यांना मिळालं. पुढे ३६व्या अध्यायात, आपल्याच वंशात लग्न करा अशी अट घातली, तेही सांगायला हवं.

खाजनकाठी
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काकांना दोन मुली आहेत. नाबोथ सांगताना त्या आतून ऐकत होत्या. त्यांचं काय, हे रविवारी काकांना विचारते.