मिनेसोटाची शालेय आइस हॉकी: स्पर्धेचे दोन गट करायला नको होते

रानवारा:
गेल्या महिन्यात मुलाच्या टीमबरोबर रोझोला जाऊन आलो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याची राजधानी सेंट पॉल, तिथून सहा तासांचा रस्ता, पुढे थोड्याच अंतरावर कॅनडाची हद्द. तीन हजारांच्या आतली वस्ती. पण या गावाच्या शाळेने राज्य अजिंक्यपद सात वेळा मिळवलंय! तिथल्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, पोरांच्या स्केट्सच्या नाड्या आवळून देताना सारखं तेच मनात येत होतं.

पहिली राज्य स्पर्धा १९४५ ची, सेंट पॉलच्या ऑडिटोरियममध्ये. आठ शाळा उतरल्या होत्या. लोहखनिजाच्या खाणींवर जगणाऱ्या एव्हलेथने थीफ रिव्हर फॉल्सला ४-३ असं हरवलं. १९४८ ते १९५१ अशी सलग चार वर्षंही एव्हलेथच जिंकलं. जॉन मायासिच तिथलाच, १९६० च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकन संघात होता.

१९९१ पर्यंत सगळ्या शाळांची मिळून एकच स्पर्धा होती. खेड्यातल्या छोट्या शाळेची गाठ मिनिआपोलिसच्या उपनगरातल्या अवाढव्य शाळेशी पडायची, आणि अख्खं राज्य ते बघायला लोटायचं. १९९२ मध्ये स्पर्धेचे दोन भाग झाले, १९९४ पासून पटसंख्येवरून छोट्या शाळांचा ए आणि मोठ्या शाळांचा एए असे गट पडले. आता विजेते दोन. या खेळाचा जीवच त्यात गेला, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९६९ ची फायनल आठवा. एकीकडे श्रीमंत उपनगर एडायना, दुसरीकडे सरहद्दीवरचं छोटं गाव वॉररोड. वॉररोडचा हेन्री बूशे, ओजिब्वे या मूळनिवासी समाजातला मुलगा, जखमी होऊन बाहेर गेला. तरी त्याच्या सोबत्यांनी ४-४ अशी बरोबरी साधली. ओव्हरटाइममध्ये ५-४ ने हरले. आजही लोक त्या मॅचबद्दल भरभरून बोलतात. दोन गट असते तर ती मॅच झालीच नसती.

मीनल:
रानवारा, तुम्ही मन लावून लिहिलंय, पण मला हे अजिबात पटलं नाही. १९६९ ची गोष्ट सुंदर आहे ती आपल्याला, बघणाऱ्यांना. वॉररोड हरलं होतं. या गावाने १९६० च्या सुवर्णपदकाच्या संघाला बिल आणि रॉजर हे ख्रिश्चन बंधू दिले, १९८० च्या संघाला बिलचा मुलगा डेव्ह दिला. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये बूशे रौप्यपदक घेऊन आला. एवढं असून त्यांच्या शाळेला राज्याचं पहिलं अजिंक्यपद मिळालं १९९४ मध्ये, म्हणजे गट पडल्यावर. मग ९६, २००३, २००५. त्या पोरांचा आनंद खोटा होता का?

आणि एव्हलेथचं म्हणाल तर तिथे खाणींच्या कराचा पैसा होता. १९२२ मध्येच त्या एवढ्याशा गावात हिप्पोड्रोम नावाचं छप्पर असलेलं रिंक उभं राहिलं. बाकीची गावं तेव्हा तळ्यावर खेळत होती. बरोबरीची लढत तेव्हाही नव्हती.

रानवारा:
मीनलताई, खाणींच्या पैशाचा मुद्दा मान्य. पण मग रोझोचं काय? पटसंख्येने ते ए गटात बसतात. ते आपणहून एएमध्ये उतरतात, आणि १९९९ आणि २००७ मध्ये मोठ्या शाळांना हरवून ते जिंकलेतसुद्धा. त्या गावाला खालच्या गटाचा कप नको आहे. छोट्यांना संरक्षण हवं हे आपणच ठरवलं.

दूरदेशी:
मी हर्मनटाउनच्या जवळ राहतो, म्हणून बोलतो. ए गट छोट्या गावांसाठी केला म्हणतात, पण २०११, १२ आणि १३ अशा सलग तीन फायनल हर्मनटाउन कुणाशी हरलं? सेंट थॉमस अकॅडमीशी, मिनिआपोलिस-सेंट पॉल या जुळ्या शहरांच्या भागातल्या खासगी शाळेशी. तिची पटसंख्या कमी, म्हणून ए गट! पण ती मुलं कुठून कुठून निवडून आलेली असतात. आमच्याकडे मात्र जी पोरं गावात जन्मली तीच टीम. २०१३ नंतर ती शाळा एएमध्ये गेली, पण तोवर आमच्या पोरांची अख्खी पिढी शाळा संपवून बाहेर पडली. शाळेत मुलं किती आहेत एवढंच मोजून गट पाडले, हीच चूक. गट असावेत, पण मुलं कुठून येतात तेही बघा.

स्वानंदी:
तुमच्या चर्चेत मुली कुठेच नाहीत. मुलींच्या हॉकीला शालेय खेळ म्हणून मान्यता देणारं मिनेसोटा देशातलं पहिलं राज्य, १९९४ मध्ये. १९९५ मध्ये त्यांची पहिली राज्य स्पर्धा झाली. म्हणजे ज्या वर्षांना रानवारा अधोगती म्हणतात, त्याच वर्षांत माझ्या लेकीसाठी दार उघडलं.

आणि गटांपेक्षा खर्चाचं बोला. आमच्या पार्कमधलं उघडं रिंक आम्ही पालकच करतो. रात्री उणे पंधरा तापमानात होजपाइप धरून पाण्याचा पातळ थर द्यायचा, तो गोठेपर्यंत शेकोटीच्या खोलीत थांबायचं, मग पुढचा थर. घाईने जाड थर दिला की बर्फाला पापुद्रे सुटतात आणि लेकरांच्या स्केट्सची पाती अडकतात. एवढं करतो कारण छपराखालच्या रिंकचं तासाचं भाडं परवडत नाही. वॉररोडमध्ये मुलांना बर्फाचे पैसे पडत नाहीत. तिथून इतके खेळाडू का आले, ते मला त्यात दिसतं.

रानवारा:
स्वानंदी, मुलींची बाजू माझ्याकडून राहून गेली, ती माझी चूक. आणि मीनलताई, वॉररोडच्या १९९४ ला माझ्याकडे खरंच उत्तर नाही. तरी एक सुचवतो: गट राहू देत, पण शेवटच्या रविवारी ए आणि एएच्या विजेत्यांची एक मॅच ठेवा.

मीनल:
आणि ए गटातली पोरं ८-० ने हरली तर? आदल्या दिवशी जिंकलेला कप घेऊन सहा तास बसमधून घरी जाताना त्यांच्या मनात काय राहील, ते आधी सांगा.

दूरदेशी:
मीनलताई, आमच्या पोरांना विचारलंत तर ती म्हणतील, खेळू द्या.