कस्टम्सच्या भाषेत 'नाईटवेअर' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: कपड्यांच्या आयातीची कागदपत्रं मराठीत करतेय. टॅरिफमध्ये, म्हणजे कस्टम्सच्या माल आणि शुल्काच्या यादीत, नाईटशर्ट, पायजमा, नाईटड्रेस, नेग्लिजी (बायकांचा पातळ, सैल झगा), बाथरोब, ड्रेसिंग गाऊन सगळं एकाच रांगेत आहे. पायजमाला सरळ पायजमा लिहिलं तर चालेल का? आणि सगळ्याला मिळून 'घरात घालायचे कपडे' म्हटलं तर?

उत्तर: दोन्ही नको, आणि दुसरं तर अजिबात नको.

आधी पायजमा. आपण पायजमा म्हणतो तो फक्त खालचा, नाडीचा. मूळ शब्द फारसी, पाय आणि जामा, तोही पायात घालायचाच कपडा, पण इंग्रजीत गेल्यावर त्याला वरचा शर्ट जोडला गेला आणि टॅरिफमधला पायजमा म्हणजे तो जोड. मराठीत 'नाईट सूट' लिहा, वाचणाऱ्याला लगेच दोन कपडे दिसतात.

आता 'घरात घालायचे'. इथे खरंच पैसे अडकतात हो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. घरात घालायच्या कपड्यांना हल्ली लाउंजवेअर म्हणतात, आणि अमेरिकेत १९९७ च्या इंटरनॅशनल होम टेक्स्टाइल केसमध्ये नेमका हाच वाद होता, माल नाईटवेअर आहे असं आयातदाराचं म्हणणं होतं आणि कोर्टाने ते मानलं नाही, कारण ते कपडे घालून माणूस घरात चारचौघांत वावरू शकतो. त्याआधी १९८५ च्या मास्ट केसमध्ये कोर्टाने शब्दकोशच उघडला होता आणि अर्थ घेतला तो अंथरुणात घालायचे कपडे असा. युरोपचं कोर्ट थोडं सैल आहे, १९९४ च्या नेकरमान केसमध्ये त्यांनी म्हटलं की फक्त झोपतानाच घातला पाहिजे असं नाही, मुख्यतः त्यासाठी असला तरी तो पायजमाच. 'मुख्यतः' हा शब्द भाषांतरात गाळू नका, सगळा निकाल त्याच्यावर उभा आहे.

उदाहरण घ्या. बायकांचा कॉटनचा निटेड टीशर्ट आणि पँट, एका पाकिटात, लेबलवर 'स्लीप सेट'. नाईट सूट धरला तर टॅरिफमधला कोड ६१०८.३१, अमेरिकेचा मूळ दर ८.५ टक्के. अधिकाऱ्याने नाही म्हटलं की तो सेट राहतच नाही, कारण वेगवेगळ्या हेडिंगचे (हेडिंग म्हणजे कोडचे पहिले चार आकडे) कपडे एका पाकिटात असले तरी ज्याचं त्याच्या हेडिंगमध्ये टाकायचे असं टॅरिफमधल्या कापड-कपड्यांच्या सेक्शन ११ ची नोट सांगते, मग टीशर्ट जातो ६१०९ मध्ये १६.५ टक्क्यांवर आणि पँट ६१०४ मध्ये १४.९ वर. अधिकारी बघतो काय, तर कापड किती पातळ आहे, गळा किती खोल आहे, खिसे आहेत का, कंबरेची पट्टी बाहेर घालायच्या पँटसारखी जाड आहे का, कॅटलॉगमध्ये कशासोबत दाखवलाय, ऑर्डरवर काय नाव आहे. नुसत्या लेबलवर काही ठरत नाही.

प्रश्न: समजलं, धन्यवाद. पण मग नुसता खालचा भाग सुटा आला तर? आणि निटेड, वोव्हन दोन्हींना 'विणलेले' लिहिलंय मी.

उत्तर: सुटा असेल तर तो टॅरिफचा पायजमा नाही. अमेरिकेत झोपायची पँट सुटी आली तर त्याच हेडिंगमधल्या 'इतर'मध्ये जाते, म्हणजे तुमच्या मराठीत तिथे 'झोपताना घालायची पँट' असं लिहावं लागेल, आणि गंमत म्हणजे आपण खरा पायजमा तिलाच म्हणतो.

'विणलेले' मात्र आजच बदला. सुयांवर स्वेटर विणतात तेही विणणं आणि मागावर कापड विणतात तेही विणणं, मराठीत एकच क्रियापद, पण टॅरिफमध्ये निटेड म्हणजे चॅप्टर ६१ आणि वोव्हन म्हणजे ६२, अख्खा चॅप्टर बदलतो. धंद्यातले लोक निटेड आणि वोव्हन असंच बोलतात, तेच ठेवा. पुरुषांचं नाईटवेअर निटेड असेल तर ६१०७, वोव्हन असेल तर ६२०७, बायकांचं तसंच ६१०८ आणि ६२०८. पुढून उघडणाऱ्या कपड्यात डावी बाजू उजवीवर येत असेल तर पुरुषांचा धरतात, आणि कोणाचा ते कळतच नसेल तर बायकांच्या हेडिंगमध्ये. ८६ सेंटीमीटरपर्यंत उंचीच्या बाळांचे कपडे वेगळे, ६१११ आणि ६२०९.

अजून एक, 'गाऊन' एकटा कुठेही सोडू नका. आपल्याकडे बायका गाऊन म्हणतात तो झोपतानाचा, म्हणजे टॅरिफचा नाईटड्रेस, आणि ड्रेसिंग गाऊन तर त्याच्यावरून चढवायचा, पुढून उघडा, पट्ट्याचा. हेडिंग एकच असलं तरी सबहेडिंग, म्हणजे कोडचे पुढचे आकडे, वेगळं आहे, तेव्हा एकीकडे नाईट गाऊन आणि दुसरीकडे ड्रेसिंग गाऊन असं पूर्ण लिहा.