मदत हवी आहे: गर्दीच्या मेट्रोंचा तक्ता करतोय, प्रवासी मोजायचे कसे?

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावी नववीला भूगोल शिकवते. या सत्रात मुलांनी 'जगातल्या सर्वात गर्दीच्या मेट्रो' असा मोठा तक्ता करायला घेतला आहे. वर्गातल्या पाच-सहा जणांनीच मेट्रो पाहिलीय, तीही पुण्याला मामाकडे गेल्यावर. तरी उत्साह एवढा की दोन दिवसांत आठ शहरांचे आकडे गोळा झाले. ते एकाखाली एक लिहायला बसलो आणि तिथेच अडलो.

दिल्लीचंच बघा. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी तिथे ७८.६७ लाख प्रवासांची नोंद झाली. मुलांनी लिहिलं, 'एका दिवसात ७८.६७ लाख माणसं', आणि मीही आधी त्यावर बरोबरची खूण केली. नंतर कळलं की प्रवासी जितक्या मार्गिका वापरतो तितके प्रवास तिथे धरतात. नोएडाहून निळ्या मार्गिकेने राजीव चौक, तिथून पिवळीने कश्मीरी गेट, पुढे लालने रिठाला. माणूस एक, तिकीट एक, प्रवास तीन! न्यूयॉर्कमध्ये गेटमधून आत शिरलात की एक. मग आत कितीही गाड्या बदला. २०१९ सालचा सुमारे १७० कोटींचा आकडा असा आत शिरणाऱ्यांचा आहे. हे दोन आकडे एकाच रकान्यात लिहिले तर मी मुलांना चुकीचं शिकवेन.

बीजिंगमध्ये १२ जुलै २०१९ रोजी १ कोटी ३७ लाखांहून जास्त प्रवासी झाले, पण त्यातही गाडी बदलणारे पुन्हा मोजलेले आहेत. चीनचं एक चांगलं आहे, तिथे दोन्ही आकडे वेगवेगळे मिळतात: स्थानकात शिरलेले किती आणि गाडी बदलणं धरून एकूण प्रवास किती. त्यामुळे बीजिंग आणि शांघायचे शिरलेल्यांचे आकडे घ्यायचं आम्ही ठरवलं.

सर्वात जास्त वेळ टोकियोने घेतला. तिथे भुयारी रेल्वे चालवणारे दोघे आहेत. टोकियो मेट्रोच्या ९ मार्गिका, १९५ किलोमीटर, आणि २०१९-२० मध्ये रोज सरासरी ७५ लाखांवर प्रवासी. दुसरी तोएई, महानगर सरकारची, तिच्या ४ मार्गिका. एकाच फेरीत दोन्ही वापरणारा माणूस दोघांच्याही हिशेबात येणार, म्हणजे नुसती बेरीज करून भागत नाही. शिवाय हान्झोमोन मार्गिकेची गाडी शिबुयाहून तशीच पुढे खासगी रेल्वेच्या रुळांवर जाते. प्रवासी जागचा उठतसुद्धा नाही, पण तिथून पुढे तो दुसऱ्या कंपनीचा प्रवासी.

आणि काल एका मुलीने विचारलं, "बाई, मुंबईच्या लोकलने रोज ७५ लाख लोक जातात ना? मग ती आपल्या तक्त्यात का नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. 'ती मेट्रो नाही, उपनगरी रेल्वे आहे' एवढं सांगितलं, पण तिचं समाधान झालं नाही, आणि खरं तर माझंही नाही. लोकलच्या फलाटावर जायला मेट्रोसारखं गेट नसतं, तिकिटं आणि पास यांवरून आकडा काढतात. मग तो कुठल्या रकान्यात बसवायचा?

वाहतूक नियोजनातलं कुणी इथे असेल, किंवा या शहरांत राहिलेलं असेल, तर कृपया सांगा: नववीच्या मुलांना समजेल आणि तरीही खोटी ठरणार नाही अशी तुलना करता येईल का? तक्ता पुढच्या शनिवारी लावायचा आहे.

प्रतिसाद १

ताई, त्या मुलीला आधी शाबासकी द्या. मी बरीच वर्षं टोकियोत काढली आहेत. तिथे यामानोते मार्गावर तुडुंब गर्दी असते, पण ती जेआरची (जपान रेल्वेची) रेल्वे, मेट्रोच्या आकड्यात ती धरतच नाहीत. त्यामुळे मुंबईची लोकल वगळली तर अन्याय होत नाही, फक्त तिची जोडी टोकियोच्या जेआरशी लावायला हवी. तक्त्यात उपनगरी रेल्वेचा वेगळा भाग करा.

एक सावधगिरी. मुलं शिंजुकू स्थानकाचे आकडे घेणार असतील तर बघून घ्या. जेआर फक्त चढणारे प्रवासी देते, तर मेट्रो आणि खासगी रेल्वे चढणारे अधिक उतरणारे असे देतात. सरळ बेरीज केली की जेआरचा वाटा निम्माच दिसतो. मी स्वतः फसलो होतो यात.

दुसरं, एकूण आकड्याला मार्गाच्या लांबीने भागायला सांगा. टोकियो मेट्रोचे ७५ लाख भागिले १९५ म्हणजे किलोमीटरला साधारण ३८ हजार. आता आपली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो घ्या. लांबी जेमतेम ११.४ किलोमीटर, आणि कोविडआधी कामाच्या दिवशी साडेचार लाखांच्या आसपास प्रवासी. भागाकार करा, किलोमीटरला ३९ हजारांवर जातो! एकच मार्गिका, त्यामुळे दुहेरी मोजणीची भानगडही नाही.

प्रतिसाद २

वरचा भागाकार सुंदर आहे, पण टोकियोचा आकडा रविवार-सुट्ट्या धरून वर्षाची सरासरी आहे आणि घाटकोपरचा कामाच्या दिवसाचा. तक्त्याखाली तशी टीप हवीच.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आज तासाला मुलांनी फळ्यावर भागाकार केला. घाटकोपरच्या छोट्या मार्गाचं उत्तर टोकियोच्या शेजारी आलं तेव्हा वर्ग क्षणभर गप्प झाला, मग सगळे एकदम बोलायला लागले. टीप त्या मुलीच्याच हस्ताक्षरात लिहून घेतली, उपनगरी रेल्वेचा भागही तिच्याच गटाकडे दिलाय. 'प्रवासी' हा रकाना खोडून आता दोन केलेत: 'गेटमधून शिरलेले' आणि 'मार्गिकेगणिक प्रवास'.

दिल्लीचा पहिला रकाना अजून कोरा आहे. तिथे फक्त गेटमधून शिरलेल्यांचा, कुठल्याही एका दिवसाचा आकडा कुणाकडे असेल तर शुक्रवारपर्यंत नक्की कळवा.